डिसल्फोव्हिब्रिओ वाढवताना या चुका टाळा

नळी काळी झाली की आपण खूश होतो, आणि पहिली फसगत इथेच होते. डिसल्फोव्हिब्रिओ हा ऑक्सिजनविना जगणारा जीवाणू सल्फाइड सोडतो, ते माध्यमातल्या (ज्या द्रावणात तो वाढवतो त्यातल्या) लोहाला भेटतं आणि काळा गाळ बनतो, हे खरं. पण ऑक्सिजन घालवायला तुम्हीच सोडियम सल्फाइड टाकलं असेल, तर जीवाणू न सोडलेली नळीही काळीच होणार. म्हणून जीवाणू न घातलेली एक कोरी नळी शेजारी ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारख्या वाकड्या, धावणाऱ्या पेशी दिसेपर्यंत वहीत 'वाढ' लिहू नका. त्या गाळामुळे वाढ मोजायला घेतलेलं गढूळपणाचं मापही खोटं येतं.

खरा घोटाळा मात्र खाणं आणि श्वास यांच्या गल्लतीत आहे. लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं लवण) हे याचं अन्न. सल्फेट हे अन्न नाही. आपल्याकडे जे काम ऑक्सिजन करतो, ते इथे सल्फेट करतं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंक यांनी 1895 मध्येच असा जीवाणू दाखवून दिला होता, तरी माध्यमात सल्फेट चिमूटभर घालणारे आजही भेटतात. दोन रेणू लॅक्टेटला एक रेणू सल्फेट लागतं. ते संपलं की पुढ्यात ताट वाढलेलं असूनही बिचारा गुदमरतो. सल्फेट नसताना लॅक्टेट घटतच असेल, तर नळीत दुसरं कोणी घुसलंय का ते बघा. हायड्रोजन फस्त करणारे मिथेनजनक (मिथेन वायू बनवणारे सूक्ष्मजीव) सोबत असले, तर हा सल्फेटवाचूनही निभावून नेतो.

शेवटी ॲसिटेट (ॲसिटिक आम्लाचं लवण) साचतं, तो बिघाड नव्हे. यातल्या बहुतेक जाती लॅक्टेट अर्धवटच जाळतात, त्यामुळे नुसत्या ॲसिटेटवर त्या वाढत नाहीत. हायड्रोजनवर वाढवायचं असेल तेव्हा मात्र कार्बन डायऑक्साइडबरोबर ॲसिटेट द्यावंच लागतं, कारण पेशी बांधायला कार्बन हवा. ग्लुकोजला बहुतेक जाती तोंडही लावत नाहीत. त्यावर परके जीवाणू मात्र पोसतात.

लॅक्टेट आहे, सल्फेट आहे, तरी वाढ थांबली? स्वतःच्याच सल्फाइडचं विष चढलं असेल. सामू 7 च्या आसपास त्यातलं जवळपास निम्मं हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात असतं, आणि सामू उतरला की आणखी. नळीतल्या मोकळ्या जागेतून नायट्रोजन सोडून ते बाहेर काढा, पण धूरकपाटातच (विषारी वायू बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त कपाटातच). वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला, असं समजू नका. या वायूने नाकच बधिर होतं.

रेझाझुरिन, म्हणजे ऑक्सिजन शिरला की गुलाबी होणारा दर्शक रंग, गुलाबी दिसला म्हणून लगेच नळी फेकूही नका. थोडा वेळ हवा लागली तरी पुष्कळ जाती तग धरतात. क्षपणकारक (ऑक्सिजन घालवणारं सोडियम सल्फाइडसारखं रसायन) घाला, रंग उडू द्या आणि दोन दिवस थांबा.