हत्ती जागेवरून हलवू नका

बुद्धिबळाच्या पहिल्या नॅशनलआधी मी दोन महिने नुसती ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, घोकली. सिसिलियन नावाच्या ओपनिंगच्या चाली झोपेतही सांगितल्या असत्या. एंडगेमचं, म्हणजे मोजकी मोहरी उरल्यावरच्या खेळाचं, पुस्तक मात्र उघडलंच नाही, आणि सातव्या राउंडला तेच नडलं.

समोर तमिळनाडूचा मुलगा, माझ्यासारखाच बारा वर्षांचा. प्रत्येकाच्या घड्याळात ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद जास्तीचे. चार तासांनी पटावर उरले दोन राजे, दोन हत्ती आणि त्याचं एकुलतं प्यादं. त्याचं पांढरं प्यादं ई५ वर (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी ओळ), राजा डी५ वर, हत्ती एच७ वर. माझा काळा राजा ई८ वर, हत्ती ए६ वर. ही फिलिडोरची, म्हणजे त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बचावाची, सरळ बरोबरी. हत्तीने सहावी ओळ धरून बसायचं, म्हणजे पांढऱ्या राजाला वर येता येत नाही. प्यादं ई६ ला सरकलं की मगच हत्ती ए१ ला न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं. तेव्हा राजाला प्याद्याआड लपता येत नाही.

माझ्या घड्याळात दीड मिनिट होतं. प्यादं हललं नसतानाच मी हत्ती ए१ ला नेला. त्याचा राजा ई६ ला आला, पुढच्या चालीला मात करायची धमकी. तेव्हाही हत्ती परत ए६ ला नेऊन शह दिला असता तर राजाला मागे फिरावंच लागलं असतं. मला फक्त मात दिसली. घाबरून राजा डी८ ला सरकवला आणि डाव गेला.

हॉलमधल्या एसीने बोटं गारठली होती. मे महिन्यात कूलरसमोर सराव करणाऱ्या नागपूरच्या पोराला स्वेटर न्यायचं सुचत नाही. तुम्ही न्या. आणि वेळ कमी असताना हात आवरा: नियमबाह्य चाल झाली की समोरच्याला दोन मिनिटं मिळतात, दुसऱ्यांदा झाली की सहसा डावच जातो.

दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये (बरोबरीनंतरच्या झटपट डावांत) हरवून महिला विश्वचषक जिंकला. तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली पहिल्याच दिवशी विचारतात, "दादा, दिव्याताई कोणती ओपनिंग खेळते?" तेही शिकवतो, पण नंतर. आधी पटावर तोच ई५ चा डाव मांडतो, पांढरी मोहरी मी घेतो, आणि सलग दहा वेळा बरोबरी होईपर्यंत कुणाला उठू देत नाही.