आगिया आन्नाच्या कातळावरून समुद्रात कसं उतरावं

ग्रीसच्या सायक्लेड्स बेटांमध्ये अमोर्गोस हे पूर्वेकडचं, लांबट आणि डोंगराळ बेट. तिथे विमानतळ नाही, आणि माझ्या मते तीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. बेटाच्या आग्नेय अंगाला उभा कडा आहे, कड्याला चिकटून होझोविओटिसाचा पांढराशुभ्र मठ आणि खाली अगदी पाण्यालगत आगिया आन्नाचं चिमुकलं चॅपेल. चॅपेलच्या आजूबाजूला समुद्राने खडकात खोबणी कोरल्या आहेत. वाळू जवळपास नाहीच. कातळ आणि गोटे, आणि काठापासून थोड्याच अंतरावर निळंशार खोल पाणी. मऊ वाळूत पाय बुडवत कंबरभर पाण्यात खेळायचं असेल तर ही जागा तुमची नाही. पोहता येत असेल तर पुढे वाचा.

बेटावर पोहोचा

शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट उन्हाळ्याच्या तोंडावर मिळणं जिकिरीचं होतं, म्हणून ते काम आधी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रोची तीन नंबरची लाइन थेट पिरेअस बंदरापर्यंत जाते. तिथून साध्या मोठ्या बोटीने अमोर्गोसला सात-आठ तास लागतात, वाटेत किती बेटं घेते त्यावर कधी जास्तही. नाक्सोसहून एक लहान बोटही येते. ती मधली छोटी बेटं करत जाते आणि वारा असेल तर चांगलीच हलते.

तिकीट काढताना एक गोष्ट नीट पाहा. अमोर्गोसला कातापोला आणि एगिआली अशी दोन बंदरं आहेत आणि दोन्हींच्या मध्ये डोंगरातला लांबलचक वळणांचा रस्ता आहे. आगिया आन्नासाठी कातापोलाला उतरा. मुक्काम तिथे करा किंवा वर होरा या मुख्य गावात.

महिना जून किंवा सप्टेंबर. 15 ऑगस्टला मेरी मातेचा मोठा सण असतो, तेव्हा अर्धं अथेन्स बेटांकडे निघतं आणि बोटींत जागा मिळत नाही. मे महिन्यात गर्दी नसते, पण पाणी साधारण 19 अंशांचं असतं. ऑगस्टमध्येही ते 24-25 च्या आसपासच. कोकणच्या किंवा गोव्याच्या समुद्राची सवय असलेल्याला हे थंडच वाटणार.

वाऱ्याला विचारून दिवस ठरवा

एजियन समुद्रात उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा वाहतो. आकाश निरभ्र आणि ऊन लख्ख असतं, तरी समुद्र पांढरा होतो. आगिया आन्ना डोंगराच्या आडोशाला असल्यामुळे या वाऱ्यात तिथे लाटा कमी असतात, आणि इथेच नवखा माणूस फसतो. पाणी शांत दिसतं, पण कड्यावरून खाली कोसळणारे वाऱ्याचे झोत किनाऱ्याकडून समुद्राकडे ढकलतात. हवा भरलेली गादी किंवा ट्यूब घेऊन इथे उतरू नका. ती बघता बघता लांब जाते आणि तिच्यामागे माणूस जातो. उलट, वारा दक्षिणेचा असेल तर लाटा थेट खोबणीत घुसतात. त्या दिवशी पोहण्याचा नाद सोडा.

ग्रीक लोक वाऱ्याचा जोर बोफोर या शून्य ते बाराच्या मापात सांगतात. चारपर्यंत ठीक. पाचला मी काठाकाठाने पोहेन. सहाला कातळावर बसून पाहीन. वारा फारच वाढला तर बंदरातून बोटीही सोडत नाहीत, म्हणून परतीच्या विमानाआधी हाताशी एखादा मोकळा दिवस ठेवा.

आधी मठ, मग पाणी

होराहून उन्हाळ्यात बस मठाच्या पायथ्याशी आणि पुढे आगिया आन्नापर्यंत जाते. मठ दुपारी बंद असतो, म्हणून सकाळीच वर जा. सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे पोहण्याच्या कपड्यांवर पूर्ण पँट किंवा लांब स्कर्ट घालूनच निघा. 1088 मध्ये बायझंटाईन सम्राट अलेक्सिओस कोम्निनोसने या मठाला राजाश्रय दिला. आठ मजले, आणि रुंदी सर्वांत जास्त असेल तिथे जेमतेम पाच मीटर. आत शिरलं की एका हाताला डोंगराचा खडक लागतो. आलेल्याला लुकुमी ही साखरेची मऊ मिठाई, पाणी आणि मसाल्यांत शिजवलेली गोडसर राकी, म्हणजे तिथली दारू, देण्याची तिथे रीत आहे. लुकुमी जरूर खा. पोहायला जायचं आहे, तेव्हा राकीला फक्त ओठ लावा.

पाणी वाचा

खाली पोहोचल्यावर लगेच कपडे काढू नका. दहा मिनिटं नुसतं बसा आणि दोन गोष्टी ठरवा: कुठून उतरायचं आणि कुठून वर यायचं. दुसरी जास्त महत्त्वाची. उतरायला कुठूनही उतरता येतं. दमलेल्या हातांनी ओल्या कातळावर चढणं मात्र अवघड. जिथे खडक पाण्याकडे हळूहळू उतरत गेला आहे, किंवा जिथे गोट्यांचा पट्टा आहे, ती परतीची जागा. लाट तिथे किती वर चढते आणि मागे जाताना किती खोल ओढते ते पाहा. मोठी लाट दर वेळी येत नाही, म्हणून दोन-चार लाटा पाहून निष्कर्ष काढू नका. भरती-ओहोटीची काळजी मात्र विसरा. एजियनमध्ये पाणी आपल्याकडच्यासारखं चढत-उतरत नाही, त्यामुळे सकाळी ठरवलेली जागा संध्याकाळीही जवळपास तशीच असते.

गावच्या विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना खोल पाण्याची भीती नसते, हा मोठा फायदा. पण विहिरीची सवय घातकही आहे. काठ दिसला की मुटका मारायचा हात शिवशिवतो. इथे नको. पाणी इतकं स्वच्छ असतं की तळाचे दगड मोजता येतात, पण प्रकाश वाकत असल्यामुळे चार मीटरचा तळ वरून पाहताना तीन मीटरवर भासतो, आणि तिरकं पाहिलं तर आणखी वर. नवशिक्याला वाटतं पाय टेकतील, टेकत नाहीत. सूर मारणाऱ्याला मधला एखादा सुळका दिसतच नाही. गडद डाग दिसले तर एक तर खडक, नाहीतर पोसिडोनिया हे समुद्री गवत. गवत पायाला लागलं तर दचकू नका, ते निरुपद्रवी आहे.

उतरा आणि वर या

रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घाला. पाण्याच्या रेषेवरचं हिरवं शेवाळ भयंकर निसरडं असतं, म्हणून उभ्याने चालत न जाता बसा आणि बसल्या बसल्या सरका. आधी मान, छाती, मनगटं भिजवा, श्वास स्थिर होऊ द्या, मगच अंग सोडा. पाणी आपल्या समुद्रापेक्षा खारट असल्याने तरंगणं जरा सोपं जातं. सुरुवातीला काठाला समांतर पोहा, पुन्हा पुन्हा वळून आपली जागा पाहा.

वर येताना खडकाशी झटापट करू नका. थोडं लांब थांबा, लाट उचलेल तेव्हा तिच्याबरोबर पुढे या, हात आणि पोट कातळावर टेकवा आणि पाणी मागे जाताना घट्ट धरून राहा. मग गुडघा वर घ्या. रुबाबदार दिसत नाही, पण कोपरं शाबूत राहतात.

हात ठेवण्याआधी जागा पाहा. कपारींमध्ये सी अर्चिनचे काळे काटेरी गोळे असतात. काटा मोडून आत राहिला तर सुईने कोरत बसू नका, फार्मसीत दाखवा. जेलीफिश डसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी ओतू नका, चोळू नका. इथे जीवरक्षक नसतो, त्यामुळे एकट्याने पोहू नये. आणीबाणीचा नंबर 112.

काठावरचं थोडं

पिण्याचं पाणी भरपूर न्या. वाऱ्यामुळे घाम जाणवत नाही आणि संध्याकाळी खांदे भाजलेले कळतात. सकाळी सावली नसते. दुपार कलली की डोंगराची सावली सरकत येते. आडबाजूच्या खोबणीत कोणी विवस्त्र पोहताना दिसलं तर तिकडे रोखून पाहू नका, फोन तर वर करूच नका. मोठ्याने गाणी लावणं हाही तसाच आगाऊपणा.

परतीच्या बसची वेळ सकाळी उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा, नाहीतर होरापर्यंत सगळा चढ पायी आहे. पोहून आल्यावर भूक कडाडून लागते. शाकाहारी असाल तर खानावळीत ‘नीस्तीसिमो’ काय आहे ते विचारा. उपासाचं, म्हणजे मांस, अंडी, दूध नसलेलं जेवण. मात्र शिंपल्या-कोळंबी त्यांच्या उपासाला चालतात, म्हणून तेवढं वेगळं सांगा. फावा म्हणजे पिवळ्या वाटाण्याचं घट्ट वरण, टोमॅटोच्या रश्श्यातले मोठे पांढरे घेवडे आणि ब्रेड एवढ्यावर पोट सहज भरतं.