तरुणांमधील जर्मिनोमा: निदान आणि उपचार कसे करून घ्यावेत

विशीच्या आसपासचा मुलगा रात्री वारंवार उठून घटाघटा पाणी पितो, तितक्याच वेळा लघवीला जातो आणि रक्तातील साखर मात्र नॉर्मल येते, तेव्हा ‘सवय असेल’ म्हणून विषय सोडू नये. चोवीस तासांची लघवी मोजावी. ती 3 लिटरच्या वर जात असेल, तर एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या विकारांच्या तज्ज्ञाला) दाखवावे आणि मेंदूचा एमआरआय करून घ्यावा. जर्मिनोमा हा मेंदूतील दुर्मीळ ट्यूमर पिट्युटरी या मेंदूच्या तळाच्या ग्रंथीच्या वर झाला, तर पहिली खूण बहुधा हीच असते. तो मेंदूच्या मध्यभागी असलेल्या पिनियल ग्रंथीपाशी झाला, तर मेंदूतील पाण्याची वाट अडून डोकेदुखी व उलट्या सुरू होतात. अशा रुग्णाला मान न हलवता छताकडे पाहायला सांगितले, की भुवया वर जातात, बुबुळे जात नाहीत.

गाठ दिसताच ‘लगेच काढून टाका’ असा घरच्यांचा आग्रह असतो, पण या आजारात घाई नडते. रक्तातील एएफपी आणि बीटा-एचसीजी हे मार्कर (काही ट्यूमरमध्ये वाढणारे पदार्थ) तपासले का, हे आधी विचारावे. एएफपी वाढलेले असेल, तर तो शुद्ध जर्मिनोमा नव्हे. अशा वेळी बायोप्सीशिवायही (तपासणीसाठी गाठीचा तुकडा न काढताही) निदान होऊ शकते आणि उपचार अधिक तीव्र लागतात. मार्करवरून उलगडा न झाल्यास दुर्बिणीतून लहानसा तुकडा घेतात व त्याच वेळी साठलेल्या पाण्याला वाट करून देता येते. डोक्यातील दाब वाढलेला असताना पाठीतून पाणी काढणे धोक्याचे असते. संपूर्ण कण्याचा एमआरआयही हवाच, कारण हा ट्यूमर मेंदू आणि कण्याभोवतीच्या पाण्यातून पसरू शकतो.

जर्मिनोमा किरणोपचारांना इतका चांगला प्रतिसाद देतो, की गाठ पूर्ण काढण्याची सहसा गरज पडत नाही आणि दहांपैकी नऊ रुग्ण बरे होतात. आजार एका जागी असेल, तर अनेक केंद्रांत कार्बोप्लॅटिन व एटोपोसाइड ही केमोथेरपीची औषधे देऊन नंतर मेंदूतील पाण्याच्या पोकळ्यांना किरण देतात. पसरला असेल, तर मेंदू आणि कणा दोन्हींना. प्रोटॉन उपचारांची (किरणोपचारांच्या एका प्रकाराची) सोय खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात आहे. दुसरे मत घेताना स्लाइडबरोबर बायोप्सीचे ब्लॉकही (मेणात जपलेले तुकडे) न्यावेत.

पुढे मूल होण्यासाठी वीर्य गोठवून ठेवण्याचा विषय डॉक्टरांनी काढला नाही, तर केमोथेरपीपूर्वी आपण काढावा, संकोच करू नये. पिट्युटरीचे काम बिघडून थायरॉइडची गोळी लागली, तर ती सुरू करण्याआधी कॉर्टिसॉल हे हार्मोन तपासलेले असावे. डेस्मोप्रेसिन हे लघवी कमी करणारे औषध चालू असेल, तर केमोथेरपीच्या सलाइनमुळे रक्तातील सोडियम झपाट्याने बदलू शकते. त्या दिवसांत किती पाणी प्यायले आणि किती लघवी झाली, याची वही ठेवावी व ती राउंडला आलेल्या डॉक्टरांना दाखवावी.