आईचा डेक्सा रिपोर्ट असा वाचा

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा मशीनवर काम करते मी. रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, मायनस म्हणजे काय हो?"

आधी टी-स्कोर बघा. ती तरुण, निरोगी हाडांशी केलेली तुलना असते. उणे १ पर्यंत ठीक. त्याखाली हाडं विरळ व्हायला लागलेली, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. पाळी सुरू असलेल्या बाईचा मात्र झेड-स्कोर बघतात, तो समवयस्कांशी ताडलेला असतो.

कमरेचा आकडा छान आला म्हणून हुरळू नका. उतारवयात मणक्यांना वाढलेलं हाड तो फुगवतं (हे नातेवाइकांना पटवताना माझी दमछाक होते). खुब्याचा आकडा बघाच.

कॅल्शियमची गोळी तपासणीच्या आदल्या दिवसापासून बंद. पुढची तपासणी शक्यतो त्याच मशीनवर करा. दोन मशीनचे आकडे सरळ ताडता येत नाहीत.