जुन्या मशीनवर ‘एपीटी अपडेट’ अडलं तर

पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणलेला किंवा माळ्यावरून खाली काढलेला 2008-10 च्या सुमाराचा नेटबुक लिनक्सवर आजही नीट चालतो. टायपिंग, घरचा हिशेब, मुलांचा अभ्यास एवढ्याला तो पुरतो. अडतो तो नवीन पॅकेज (बसवायला तयार प्रोग्रॅम) घेताना. ते काम एपीटी हे साधन करतं. ‘सुडो एपीटी अपडेट’ दिलं की एररच्या ओळींची रांग लागते आणि बहुतेक जण पहिला दोष वायफायला देतात. अशा मशीनवर नेट क्वचितच दोषी असतं. बिघडलेलं असतं घड्याळ, नाहीतर रेपॉझिटरीचा (पॅकेज जिथे ठेवलेली असतात त्या सर्व्हरचा) पत्ता, नाहीतर सहीची किल्ली (पॅकेज अस्सल आहे हे पडताळणारी), नाहीतर प्रोसेसर आणि पॅकेज यांचा मेळ. याच क्रमाने तपासा. घड्याळ चुकलेलं असताना पुढच्या तिन्ही ठिकाणचे एरर दिशाभूल करतात.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन स्मॉल लेटर्समध्ये टाइप करायच्या. उदाहरणं डेबियन या लिनक्स वितरणाची आहेत. अँटीएक्स, एमएक्स यांसारख्या डेबियनवर बेतलेल्या वितरणांनाही बराचसा भाग लागू पडतो.

सुरुवातीला दोन कामं. /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट या रेपॉझिटरींच्या पत्त्यांच्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. आणि मशीनची भाषा मराठी ठेवली असेल तर एपीटीचे काही एररही मराठीत येतात. वाचायला ते बरं वाटतं, पण शोधायला गेलं की काहीच सापडत नाही. म्हणून ‘सुडो एलसी_ऑल=सी एपीटी अपडेट’ असं चालवा (‘एलसी_ऑल’ आणि ‘सी’ कॅपिटलमध्ये). मूळ इंग्रजी ओळी दिसतील, त्या कागदावर उतरवून घ्या. पहिली ओळ सर्वांत महत्त्वाची. खालच्या पाच-सहा बहुधा तिचीच पिल्लं असतात.

घड्याळ

एररमध्ये ‘नॉट व्हॅलिड येट’ हे शब्द असतील तर रेपॉझिटरी ठीक आहे, तुमचं मशीन भूतकाळात आहे. मदरबोर्डवरचा सेल संपला की मशीन बंद केल्यावर घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं. रेपॉझिटरीच्या यादीवर तयार झाल्याची तारीख असते. ती ‘भविष्यातली’ दिसली की एपीटी यादी नाकारतं. एचटीटीपीएसची प्रमाणपत्रंही याच कारणाने नाकारली जातात, आणि माणूस उगाच प्रमाणपत्रांच्या मागे लागतो.

‘डेट’ एवढंच टाइप करून तारीख पाहा. चुकली असेल तर ‘सुडो डेट -एस’ आणि पुढे अवतरणचिन्हांत वर्ष-महिना-दिवस तास:मिनिट. मग ‘सुडो एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी’ देऊन तीच वेळ हार्डवेअरच्या घड्याळात लिहा. पुन्हा ‘एपीटी अपडेट’. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं म्हणायला हरकत नाही.

कायमचा उपाय म्हणजे सेल बदलणे. डेस्कटॉपमध्ये आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये सीआर2032 असतो: 3 व्होल्ट, 20 मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी. डेस्कटॉपमध्ये तो खाचेत बसतो, नखाने निघतो. लॅपटॉपमध्ये मात्र प्लॅस्टिकच्या वेष्टणात, दोन बारीक वायर आणि छोट्या कनेक्टरसह येतो. तिथे नुसता सेल विकत घेऊन वायर डकवू नका, कनेक्टरसकट तयार मिळणाराच घ्या. तापकीर गल्लीत (पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची बाजारपेठ) जाताना जुना काढून सोबत न्या, कारण कनेक्टरचे आकार वेगवेगळे असतात. मल्टिमीटरवर नवा सेल 3 व्होल्टच्या जरा वर दाखवतो. 2.5 च्या खाली असेल तर तो गेलेला आहे. सेल बदलेपर्यंत ‘फेक-एचडब्ल्यूक्लॉक’ हे पॅकेज टाकून ठेवा: ते शेवटची वेळ फाइलमध्ये जपतं आणि मशीन सुरू होताना तिथून पुढे मोजतं. वेळ थोडी मागे राहते, पण वर्षं मागे जात नाहीत.

पत्ता

‘404 नॉट फाउंड’ किंवा ‘डझ नॉट हॅव अ रिलीज फाइल’ असं आलं तर आवृत्ती पाहा: ‘कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज’. मुदत संपलेल्या डेबियन आवृत्त्या काही काळाने मुख्य सर्व्हरवरून हलवून आर्काइव्ह.डेबियन.ऑर्ग इथे ठेवतात. 2017 ची ‘स्ट्रेच’ तिथेच आहे. उबुंटूसाठी असाच पत्ता ओल्ड-रिलीजेस.उबुंटू.कॉम. सोर्सेस.लिस्टमध्ये सर्व्हरचं नाव तेवढं बदला, आवृत्तीचं नाव तसंच ठेवा. ‘-अपडेट्स’ शेपटीची ओळ तिथे सापडत नसेल तर तिच्यापुढे # लावा.

आर्काइव्हमध्ये गेलेल्या यादीची मुदत संपलेली असू शकते. मग ‘एक्स्पायर्ड’ असा एरर येतो. ‘नॉट व्हॅलिड येट’च्या हा नेमका उलट आहे, दोन्हींची गल्लत करू नका. तारीख बरोबर असल्याची खात्री झाल्यावर तेवढ्या वेळेपुरतं ‘सुडो एपीटी -ओ अक्वायर::चेक-व्हॅलिड-अन्टिल=फॉल्स अपडेट’ चालवा (‘अक्वायर’, ‘चेक’, ‘व्हॅलिड’, ‘अन्टिल’ यांची पहिली अक्षरं कॅपिटल). कॉन्फिगरेशनमध्ये ते कायमचं लिहून ठेवू नये.

आर्काइव्हमधल्या आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. त्यावर टायपिंग करा, गाणी ऐका. बँकेचे व्यवहार करू नका.

पत्त्याच्या ओळीतली एक चूक 32 बिट मशीनना फार महागात पडते: आवृत्तीच्या जागी ‘स्टेबल’ लिहिणं. 9 ऑगस्ट 2025 ला डेबियन 13 ‘ट्रिक्सी’ आली आणि त्या दिवसापासून ‘स्टेबल’ म्हणजे ट्रिक्सी. ट्रिक्सीत 32 बिट पीसीसाठी कर्नल (सिस्टिमचा गाभा) नाही, इन्स्टॉलरही नाही. फसवणूक अशी की 32 बिट पॅकेजांची यादी मात्र अजून आहे, त्यामुळे ‘एपीटी अपडेट’ एकही तक्रार न करता पूर्ण होतं आणि अपग्रेड सुरूही होतो. अॅटम एन270 सारख्या प्रोसेसरवर हे करू नका. अशा मशीनसाठी ‘बुकवर्म’ म्हणजे डेबियन 12 हाच शेवटचा थांबा आहे, आणि त्याला दीर्घ मुदतीचा आधार 30 जून 2028 पर्यंत आहे. सोर्सेस.लिस्टमध्ये ‘बुकवर्म’ हेच नाव हवं.

एपीटी स्वतःही इशारा देतं. ‘सूट’ (आवृत्तीचा दर्जा) ‘स्टेबल’वरून ‘ओल्डस्टेबल’ झाली असं सांगितलं तर घाबरायचं कारण नाही. पण ‘कोडनेम’ (आवृत्तीचं नाव) बुकवर्मवरून ट्रिक्सी झाल्याचं सांगून विचारलं, तर उत्तर ‘एन’.

बुकवर्मच्या ओळीत शेवटी चार शब्द असावेत: मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री, नॉन-फ्री-फर्मवेअर. चौथा शब्द 2023 मध्ये बुकवर्मबरोबरच आला. जुनी ओळ तशीच ठेवून अपग्रेड केलं की वायफायचं फर्मवेअर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) ‘सापडत नाही’ असं होतं, कारण ते नॉन-फ्रीमधून या नव्या कप्प्यात गेलं. रालिंक चिपवाल्या नेटबुकला ‘फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री’ लागतं. त्या वेळी वायफायच नसतं. केबल लावा, नाहीतर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. सुरक्षेच्या ओळीचं नावही ‘बुलसाय’ म्हणजे डेबियन 11 पासून बदललं आहे: आधीच्या ‘बस्टर’मध्ये ‘बस्टर/अपडेट्स’ असायचं, आता ‘बुकवर्म-सिक्युरिटी’. नुसता शब्द बदलून स्लॅश तसाच ठेवला तर 404 येणारच.

किल्ली आणि प्रमाणपत्र

‘नो_पबकी’ म्हणजे किल्ली मशीनवर नाही. ‘एक्स्पकीसिग’ म्हणजे आहे, पण तिची मुदत संपली. दोन्हींवर औषध एकच: ‘डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग’ हे पॅकेज, पुढच्या आवृत्तीचं. ते ‘ऑल’ प्रकारचं असल्यामुळे कोणत्याही प्रोसेसरवर बसतं. दुसऱ्या, चांगल्या मशीनवर डेबियनच्या साइटवरून उतरवा, तिथे दिलेला शा-256 आकडा ‘शा256सम’ने ताडून पाहा, पेनड्राइव्हवरून आणा आणि ‘सुडो डीपीकेजी -आय’ करून बसवा.

‘ट्रस्टेड=यस’ लावून सहीची तपासणीच बंद करण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो मानू नका. एपीटीची सगळी सुरक्षा त्या सहीवर उभी आहे. म्हणूनच एचटीटीपीएस अडत असेल तर पत्त्यातला ‘एस’ काढून साध्या एचटीटीपीवर जायला हरकत नसते: पॅकेज वाटेत कुणी बदललं तर सही जुळणार नाही. जुन्या आवृत्त्यांवर एचटीटीपीएस अडण्याचं एक ठरलेलं कारण म्हणजे 30 सप्टेंबर 2021 ला संपलेलं ‘डीएसटी रूट सीए एक्स3’ हे प्रमाणपत्र. शिवाय एपीटी 1.5 च्या आधीच्या आवृत्त्यांना एचटीटीपीएससाठी ‘एपीटी-ट्रान्सपोर्ट-एचटीटीपीएस’ वेगळं टाकावं लागतं.

प्रोसेसर

‘डझन्ट सपोर्ट आर्किटेक्चर आय386’ ही सूचना बहुधा बाहेरच्या रेपॉझिटरीची असते. क्रोमने 32 बिट लिनक्सचा आधार 2016 मध्येच काढला. तसली फाइल /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी या फोल्डरमधून काढून टाका.

मात्र त्याआधी प्रोसेसर खरंच 32 बिट आहे का ते बघा. ‘एलएससीपीयू’च्या दुसऱ्या ओळीत ‘64-बिट’ दिसलं आणि ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ने ‘आय386’ सांगितलं, तर प्रोसेसर 64 बिट आहे, वर बसवलेली सिस्टिम 32 बिट. कोअर 2 ड्युओच्या मशीनवर हे नेहमी सापडतं. होम फोल्डरची प्रत काढा आणि 64 बिट सिस्टिम नव्याने टाका; चालू सिस्टिम जागच्या जागी बदलायच्या फंदात पडू नका.

पॅकेज बसलं, पण चालवताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ आलं, तर प्रोग्रॅमला हवी ती सूचना प्रोसेसरला कळत नाही. पेंटियम 3 आणि अॅथलॉन एक्सपीत एसएसई2 नाही. रास्पबेरी पाय 1 आणि झीरोवर डेबियनची ‘आर्मएचएफ’ प्रत टाकली तरी हेच होतं: तिला एआरएमव्ही7 लागतो, हे दोन बोर्ड एआरएमव्ही6 आहेत. त्यांना रास्पबेरी पाय ओएसची 32 बिट प्रतच हवी.

‘हॅश सम मिसमॅच’

आधी साधा उपाय: ‘सुडो आरएम -आरएफ /व्हार/लिब/एपीटी/लिस्ट्स/*’ आणि पुन्हा अपडेट. टाइप करताना पथ दोनदा वाचा, स्टारच्या आधी मोकळी जागा पडता कामा नये. मधल्या प्रॉक्सीने जुनी यादी दिली असेल तर एवढ्याने भागतं.

दर वेळी वेगळ्याच पॅकेजवर मिसमॅच आला तर रॅमवर संशय घ्या. साधारण 500 एमबीची एक फाइल घ्या, ‘शा256सम’ काढा, मशीन रीस्टार्ट करा, पुन्हा काढा. एकाच फाइलचे आकडे वेगळे आले तर दोष रॅमचा किंवा डिस्कचा, रेपॉझिटरीचा नाही. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या मशीनच्या रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा, रॅमपट्टी कडेने धरा, पट्ट्यांवरून पांढरा खोडरबर एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा, चुरा ब्रशने झाडा, ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. मग ‘मेमटेस्ट86+’ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा निदान एक पास पूर्ण होऊ द्या. एकही लाल ओळ आली तर रॅम बदला.

मध्येच ‘किल्ड’ लिहून एपीटी थांबलं तर मेमरी संपली. 512 एमबीवर हे होतंच. 1 जीबीची स्वॅप फाइल (डिस्कवरची जादा मेमरी) करा: ‘सुडो एफअॅलोकेट -एल 1जी /स्वॅपफाइल’ (यातला ‘जी’ कॅपिटल), ‘सुडो सीएचमॉड 600 /स्वॅपफाइल’, ‘सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाइल’, ‘सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाइल’.

लाइट गेली तर

जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते आणि पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. मोठा अपग्रेड गुरुवारी सकाळी काढू नका. मध्येच बंद पडलंच तर पुन्हा सुरू करून ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. ‘लॉक’ फाइल (एका वेळी एकच एपीटी चालावं म्हणून असलेली) हाताने उडवू नका. संथ मशीनवर ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हा आपोआप अपडेट करणारा प्रोग्रॅम सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटंही लॉक धरून बसतो. ‘पीएस एयूएक्स’मध्ये (चालू प्रोग्रॅमची यादी) तो दिसत असेल तर थांबा.

शाळेत किंवा क्लासमध्ये अशी आठ-दहा मशीन असतील तर एका बऱ्या मशीनवर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ टाका. ते 3142 या पोर्टवर चालतं. बाकीच्या मशीनवर /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये एका फाइलीत त्या पत्त्याची प्रॉक्सी लिहा. पॅकेज नेटवरून एकदाच उतरतं, बाकीच्यांना ते आतल्या नेटवर्कमधूनच मिळतं.