जुन्या साइट्स उतरवून घेण्याआधी

शनिवारी नाशिकला गंगापूर रोडवर जमायचंय ते ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनच्या जगावरच्या, चाहत्यांनी केलेल्या जुन्या साइट्स बंद पडायच्या आत उतरवून घ्यायला. एकदा गप्पांचा फड जमला की कुणी कामाला हात लावत नाही, म्हणून एवढी तयारी घरूनच करून या.

आधी पत्ते. साइटचं नुसतं नाव पुरत नाही. बंद पडलेलं पान वेबॅक मशीनमधून (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संग्रहातून) हमखास काढायचं तर त्याचा जुना पत्ता जसाच्या तसा लागतो. तो आठवत नसेल तर अजून सुरू असलेल्या एखाद्या जुन्या साइटचं ‘लिंक्स’ पान उघडा. त्या काळी जो तो आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची यादी लावायचा, आणि आज मेलेले दुवेच आपल्या कामाचे. जिओसिटीजचे, म्हणजे फुकट साइट बनवू देणाऱ्या त्या जुन्या सेवेवरचे, पत्ते वेगळे काढा. अमेरिकेतली जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९ ला बंद झाली, पण बंद पडणाऱ्या साइट्स जतन करणाऱ्या आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी त्यातलं बरंच वाचवलंय. ईमेलवर चर्चा चालायच्या ते याहू ग्रुप्सही १५ डिसेंबर २०२० ला कायमचे गेले. तिथली एल्फिशच्या (टॉल्किनने रचलेल्या एल्फ लोकांच्या भाषांच्या) व्याकरणावरची भांडणं कुणाच्या जुन्या मेलबॉक्समध्ये पडली असतील तर ती आणा. माझ्या मते विश्वकोशापेक्षा ही भांडणं मोलाची, कारण निष्कर्ष कसा निघाला ते त्यांतच दिसतं.

मोठे विकी शेवटी घ्यायचे. त्यांना वाली आहे. आधी एकट्यादुकट्याने पदरमोड करून चालवलेली साइट: डोमेनचं नूतनीकरण राहिलं की वंशावळी, कालगणना, नकाशे सगळं एका झटक्यात जातं. ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी १९८३ ते १९९६ या काळात वडिलांच्या मसुद्यांचे जे बारा खंड काढले, त्यांतले पाठभेद कुणीतरी अशाच साइटवर रात्री जागून जुळवलेले असतात.

प्रत्येक पानाबरोबर एक ओळ लिहायला वही किंवा एक्सेल तयार ठेवा: पत्ता, लेखकाचं टोपणनाव, पान शेवटचं कधी बदललं, आपण कधी उतरवलं. रामकुंडावरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत नावाबरोबर कोण, कुठून, कधी आलं हेही असतं, म्हणून त्या पिढ्यान्‌पिढ्या चालतात. आपलीही वही तशीच हवी. तारखेचा कंटाळा करू नका. टॉल्किनच्या भाषांना वाहिलेल्या ‘पार्मा एल्डालाम्बेरॉन’ या नियतकालिकाचा सतरावा अंक २००७ ला आला आणि त्यात टॉल्किनची भाषांवरची बरीच अप्रकाशित टिपणं होती. २००३ च्या पानावर ती नसणारच. तारीख नसेल तर पुढचा वाचक त्या पानाला उगाच चुकीचं ठरवेल. शब्दांआधीचे तारेही (*) पुसू नका. तारा म्हणजे तो शब्द टॉल्किनच्या लिखाणात सापडलेला नाही, अंदाजाने बांधलाय.

फॉन्टचं विसरू नका, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. तेंग्वार ही टॉल्किनने एल्फिशसाठी रचलेली लिपी अधिकृत युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात, नाही. जुन्या पानांवर ती साध्या रोमन अक्षरांवर बसवलेल्या फॉन्टने दिसायची, म्हणून फॉन्ट नसला की सुंदर ओळीच्या जागी आकडे, कंस आणि चिन्हांचा चिवडा. युनिकोडआधीच्या श्रीलिपी फॉन्टमधल्या जुन्या मराठी फायली ज्यांनी उघडल्यात त्यांना हे सांगायला नको. पानासोबत फॉन्टची फाइलही उतरवा, आणि तीच ओळ नीट दिसत असताना तिचा स्क्रीनशॉट घ्या.

लॅपटॉपवर एचटीट्रॅक किंवा वीगेट (अख्खी साइट उतरवणारे प्रोग्राम) आधीच टाकून, एका छोट्या साइटवर चालवून बघा. दोन विनंत्यांमध्ये एक-दोन सेकंदांचं अंतर ठेवा. बिचाऱ्या जुन्या सर्व्हरला आपणच झोपवायचं नाही. जमेल त्याने वॉर्क (WARC, वेबपानं जतन करायचा साचा) फाइल करावी, तिच्यात सर्व्हरने काय उत्तर दिलं तेही राहतं. जे पान अजून चालू आहे ते वेबॅक मशीनलाही साठवायला सांगा. चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि रिकामी हार्ड डिस्क आणा. वाऱ्यापावसात वीज जातेच, तेव्हा हॉटस्पॉटचा डेटाही शिल्लक ठेवा.

साइटच्या मालकाचा ईमेल लागत असेल तर त्याला आजच दोन ओळी टाका. काही जण आनंदाने मूळ फायलींची झिपच पाठवतात. नको म्हणाला तर प्रत आपल्यापुरती ठेवायची, नेटवर चढवायची नाही. काम संपलं की एक डिस्क नाशिकला राहील, दुसरी पुण्याला जाणाऱ्याबरोबर द्यायची. ती कोण नेणार, ते शुक्रवारपर्यंत कळवा.