कार्बन कॅप्चरमध्ये यायचंय? आधी वाफेचा हिशोब शिका

या क्षेत्रात येऊ पाहणारी बहुतेक मुलं मला नव्या कॅटॅलिस्टबद्दल विचारतात. एखादा शोधनिबंध वाचलेला असतो, त्यातल्या आलेखांनी भुरळ घातलेली असते. त्यात वाईट काहीच नाही. फक्त नोकरी लागल्यावर पहिली काही वर्षं गाठ पडते ती वाफ, पंप आणि फेसाळणाऱ्या अमाइनशी, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या रसायनाशी.

धुरातून कार्बन डायऑक्साइड काढण्याची सगळ्यात रुळलेली पद्धत चांगलीच जुनी आहे. अमाइन वापरून वायू धुण्याचं पेटंट १९३० सालचं. एका टॉवरमध्ये धूर खालून वर आणि अमाइनचं द्रावण वरून खाली सोडायचं. ४० अंशांच्या आसपास हा गॅस द्रावणात उतरतो. तेच द्रावण दुसऱ्या टॉवरमध्ये १२० अंशांपर्यंत तापवलं की गॅस सुटतो. परीक्षेत एवढ्यावर मार्क मिळतात. खरी मेख त्या तापवण्यात आहे. ३० टक्के मोनोइथॅनॉलअमाइन (सगळ्यात रुळलेलं अमाइन) घेतलं तर गॅसच्या टनामागे साधारण ३.५ ते ४ गिगाज्यूल उष्णता जाते, कारण गॅस सोडवताना सोबतचं ७० टक्के पाणीही तापतं आणि त्यातलं काही उकळतं. नवी द्रावणं हा आकडा खाली आणतात, शून्यावर नाही. ही उष्णता वाफेने देतात, म्हणून ‘ही वाफ आणायची कुठून?’ असं मुलाखतीत उलट विचारणारा उमेदवार मला आवडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे घाण. प्रयोगशाळेत सिलिंडरमधला स्वच्छ वायू असतो. चिमणीकडे जाणाऱ्या धुरात सल्फर डायऑक्साइड असतो आणि तो अमाइनला असा चिकटतो की नुसत्या तापवण्याने सुटत नाही. ऑक्सिजन द्रावण हळूहळू कुजवतो, नायट्रोजन डायऑक्साइडमुळे नायट्रोसअमाइनसारखी घातक संयुगं बनू शकतात. ताजं द्रावण पारदर्शक असतं. काही आठवड्यांनी ते काळ्या चहासारखं दिसायला लागलं की मी टायट्रेशनची, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रासायनिक मोजणीची, वाट पाहत नाही, आधी धूर धुणाऱ्या स्क्रबरकडे जाते. गंज ओळखणारी माणसं इथे कायम कमी पडतात, त्यामुळे मेटलर्जीवाल्यांनी स्वतःला बाहेरचं समजू नये.

कुठल्याही प्रकल्पाची माहिती हातात आली की आधी त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बघा. हवेत ०.०४ टक्के, गॅस टर्बाइनच्या धुरात ३–४, कोळशाच्या धुरात १२–१५, सिमेंट भट्टीत बहुधा त्याहून जास्त, आणि इथेनॉलच्या आंबवणीतून जवळजवळ शुद्ध. वायू जितका विरळ, तितका तो वेचणं महाग. सिमेंटचा मामला आणखी वेगळा: चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, मग इंधन कितीही स्वच्छ असो. म्हणून नॉर्वेतल्या ब्रेव्हिकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ साली सुरू झालेला, वर्षाला ४ लाख टनांचा कॅप्चर प्रकल्प मला कुठल्याही कोळसा प्रकल्पापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आता पकडलेल्या गॅसचा पुनर्वापर. इथे उत्साह फार आणि हिशोब कमी. एक टन मेथॅनॉलला सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. पाण्यातून हायड्रोजन काढणारा इलेक्ट्रोलायझर किलोमागे ५० ते ५५ युनिट खातो, म्हणजे नुसत्या हायड्रोजनपायी दहा हजार युनिटच्या आसपास वीज. ते मेथॅनॉल जाळून मिळणारी उष्णता मात्र साडेपाच हजार युनिटएवढी, आणि पकडलेला गॅस पुन्हा हवेत. आइसलँडमध्ये हे २०१२ पासून करून दाखवलं गेलं, कारण तिथे भूऔष्णिक वीजही आहे आणि गॅसही. युरियाचंही तसंच: आज या गॅसचा सगळ्यात मोठा वापर तोच, पण शेतात पडल्यावर युरियाचं विघटन होतं आणि गॅस मोकळा. खनिजीकरणाचं गणित उलटं. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमशी जोडून कार्बोनेट केलं तर उष्णता सुटते, हायड्रोजन लागत नाही आणि गॅस दगडात अडकतो. वेग कमी आणि तयार होणारा माल स्वस्त, म्हणून त्याला वलय नाही.

शिकायचं काय? थर्मोडायनॅमिक्स, मास ट्रान्सफर (पदार्थ वायूतून द्रवात कसा जातो ते), आणि ॲस्पेनसारखं एखादं सिम्युलेशन सॉफ्टवेअर. पण त्याआधी एक अख्खा मास बॅलन्स, म्हणजे आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा हिशोब, कागदावर हाताने सोडवा. सॉफ्टवेअर चुकीचं उत्तरही तितक्याच सुबकपणे छापतं.

प्लांटवर जाताना नुसता ऑक्सिजन मीटर लावून खड्ड्यात किंवा टाकीत उतरू नका. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खाली साचतो. त्याचं प्रमाण ४ टक्के झालं तर जिवाला धोका असतो, तरी ऑक्सिजन २० टक्क्यांच्या आसपासच दिसतो आणि १९.५ ला लावलेला अलार्म गप्प राहतो. कार्बन डायऑक्साइडचा वेगळा मीटर मागून घ्या, कुणी हसलं तरी.

आणि प्लांट दाखवणाऱ्याला किती टक्के गॅस पकडता हे विचारू नका, ते फलकावर लिहिलेलं असतं. टनामागे किती द्रावण वाया जातं आणि रिक्लेमरमधला (खराब द्रावण शुद्ध करणाऱ्या यंत्रातला) गाळ कुठे पाठवता, ते विचारा.